शंभर चिंचोक्यांची युद्धनौका

मुलांनो, आज आपण एक युद्धनौका आखणार आहोत. कागदावरची, पण हिशेब अगदी खरा. तुम्ही म्हणाल, "आमच्या राणीसावरगावात कुठला आलाय समुद्र?" खरंय. आपल्या परभणी जिल्ह्यात पाणी म्हणजे गोदावरी, आणि गोदावरीत फार तर होडी. पण जहाज आखायला समुद्र लागतच नाही. लागतात कागद, पेन्सिल आणि शंभर चिंचोके.

साल धरा १९१२. विमानं नुकती कुठे उडायला लागली आहेत. रडार हा शब्दसुद्धा नाही. शत्रूचं आरमार कुठे आहे हे कळायचं, तर कुणीतरी पुढं जाऊन बघून यायला हवं. शिवाय आपली व्यापारी जहाजं सांभाळायची, शत्रूची गाठायची, आणि एखादं दांडगं जहाज अंगावर आलं तर सरळ पळ काढायचा! ही कामं करणारी चपळ नौका म्हणजे लाइट क्रूझर. कल्पना तशी जुनीच बरं का. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात मोठी, जास्त तोफांची ती गुराब आणि हलकं, चपळ ते गलबत.

आता चिंचोके पुढं घ्या. शंभर चिंचोके म्हणजे आपल्या नौकेचं सगळं वजन. एक चिंचोका पन्नास टनांचा, म्हणजे नौका पाच हजार टनांची. एकशे एकावा चिंचोका मिळणार नाही. का? तर नौका जेवढ्या वजनाची, तेवढ्याच वजनाचं पाणी ती बाजूला सारते. वजन वाढलं की ती खोल बसते, जास्त पाणी ढकलावं लागतं आणि वेग मरतो. आता हे चिंचोके पाच ढिगांत वाटायचे: सांगाडा, इंजिनं, इंधन, तोफा आणि चिलखत, म्हणजे अंगाभोवतीचे जाड पोलादी पत्रे.

माझ्या चौथीच्या वर्गात हा खेळ घेतला, तेव्हा एका गटानं पन्नास चिंचोके तोफांनाच देऊन टाकले. कोळशाला एकही नाही! त्यांची नौका बंदरातच उभी राहिली. दुसऱ्या गटानं सगळीकडून जाड चिलखत घातलं. ती चालायला लागली, पण म्हशीच्या चालीनं.

वेगाचं गणित मोठं महाग आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद दुप्पट करून भागत नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ढोबळमानानं आठपट लागते. खरी उदाहरणं बघा. एम्डन ही जर्मन क्रूझर १९०८ साली पाण्यात उतरली आणि अरेथुसा ही ब्रिटिश क्रूझर १९१३ साली. दोघीही सुमारे साडेतीन हजार टनांच्या. एम्डनचा वेग साडेतेवीस नॉट, त्यासाठी ताकद सुमारे साडेतेरा हजार अश्वशक्ती. (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर.) अरेथुसाला साडेअठ्ठावीस नॉट हवे होते, म्हणजे फक्त पाच जास्त. त्यासाठी अश्वशक्ती किती लागली? चाळीस हजार! जवळजवळ तिप्पट. म्हणून तिच्यात नुसत्या तेलावर चालणारे बॉयलर बसवले. एक टन तेल एक टन कोळशापेक्षा जास्त उष्णता देतं, आणि फावड्यानं कोळसा ओढत बसावं लागत नाही.

हीच ती एम्डन, जिनं २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या होत्या. पण ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ तिला सिडनी नावाची ऑस्ट्रेलियन क्रूझर भेटली. सिडनीचा तोफगोळा सुमारे ४५ किलोचा, एम्डनचा सुमारे १७ किलोचा. सिडनी वेगानंही सरस, त्यामुळे अंतर किती ठेवायचं हे तीच ठरवत होती. एम्डनवरची शंभराहून जास्त माणसं त्या दिवशी मेली. आराखड्याच्या कागदावरचे दोन-चार नॉट आणि दोन-चार इंच म्हणजे काय, ते तिथं कळलं.

असाच हिशेब करून बांधलेली एक क्रूझर पुढं आपल्या मुंबईत आली. १९३२ साली इंग्लंडमध्ये बर्कनहेड इथं ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं अकिलीस. लांबी १६९ मीटर, वजन सुमारे सात हजार टन, सहा इंची आठ तोफा. ७२ हजार अश्वशक्तीवर तिचा वेग साडेबत्तीस नॉट, म्हणजे तासाला साठ किलोमीटर. आपली गंगाखेडहून परभणीला जाणारी एस.टी. डोळ्यांपुढं आणा, आणि त्या वेगानं दीड मैदान लांबीचं पोलाद पाणी कापत चाललंय असं समजा.

मग चिंचोके कमी कुठे पडले? चिलखतात. इंजिनांच्या बाजूला चार इंच जाडीचा पट्टा, पण तोफांच्या बुरुजांना जेमतेम एक इंच. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि एक इंच मोजा.

१३ डिसेंबर १९३९. दक्षिण अमेरिकेजवळ प्लेट नदीच्या मुखाबाहेर अकिलीस, एजॅक्स आणि एक्सेटर या तीन क्रूझरांची गाठ ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेशी पडली. ग्राफ श्पेचा एकेक गोळा तीनशे किलोचा. अकिलीसचा ५१ किलोचा. समोरासमोर उभं राहिलं तर एका दणक्यात खेळ खलास. पण एक्सेटर एका बाजूनं आणि दोन हलक्या क्रूझर दुसऱ्या बाजूनं भिडल्या. ग्राफ श्पेला तोफा इकडून तिकडे वळवत बसावं लागलं. वेगवान अकिलीस वळणं घेत, निशाणा चुकवत मारा करत राहिली. शेवटी ग्राफ श्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि चार दिवसांनी तिच्याच कप्तानानं ती बुडवून टाकली.

अकिलीसवर थेट गोळा पडला नाही. जवळ पाण्यात फुटलेल्या गोळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि तोफांना नेम सांगणाऱ्या उंच मनोऱ्याचा पत्रा फोडून आत घुसल्या. नौकेवरची चार माणसं मेली.

हे सांगितल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, मग तिथं जाड पत्रा लावायचा ना!" बरोबर आहे तिचं. पण कडब्यानं उंच भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली आहे. जरा चाक खड्ड्यात गेलं की ती कलते. जहाजाचंही तसंच. जड पत्रे वर चढवले तर लाटेत ते उलटायची भीती. आणि मनोरा खाली आणावा, तर दूरचं दिसत नाही. म्हणून नजरेचं काम करणारी माणसं वर, पातळ पत्र्याआड. माझं मत विचाराल तर आराखडा चांगला होता. चार इंचांचे सहा इंच केले असते, तरी तीनशे किलोचा गोळा काही थांबला नसता, उलट वेग मात्र गेला असता. तिला वेगानंच वाचवलं. पण त्या चौघांच्या घरी हे गणित कसं पटवून देणार?

५ जुलै १९४८ रोजी ही नौका भारताची झाली आणि तिचं नाव दिल्ली ठेवलं. १९५६ साली त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात अकिलीसचं काम खुद्द आपल्या 'दिल्ली'नंच केलं! डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त करताना ती दीवसमोर होती. तीस वर्षं सेवा करून ३० जून १९७८ ला ती निवृत्त झाली आणि मुंबईतच मोडीत निघाली. आज तिचं नाव जी विनाशिका चालवते, ती मात्र मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आहे, १९९७ साली नौदलात आलेली.

जुन्या 'दिल्ली'चा तोफांचा एक बुरूज मात्र वाचला. भारतानं तो न्यूझीलंडला भेट दिला, कारण अकिलीसवर त्या देशाचे खलाशी लढले होते. ऑकलंडच्या नौदल तळावर तो आजही उभा आहे, त्याच एक इंची पत्र्यासकट.