नितळ पाण्यातले लोखंड

जलतरण तलावाच्या पाण्यात विरघळलेले धातू दिसत नाहीत. दिसतात ते पाण्यातून बाहेर पडल्यावर: तळावर तांबूस-तपकिरी छटा येते, टाइल्सच्या सांध्यांत निळसर-हिरवी रेघ उमटते, पाणी आत सोडणाऱ्या तोट्यांभोवती काळपट वर्तुळे धरतात. त्रास देणारे धातू प्रामुख्याने तीन, लोह, तांबे आणि मँगनीज. यांतले लोह आणि मँगनीज बहुधा भरण्याच्या पाण्याबरोबर येतात, तर तांबे बहुतेक वेळा माणूसच तलावात घालतो.

बोअरवेलचे पाणी जमिनीखाली ऑक्सिजनपासून दूर असते. अशा पाण्यात लोह फेरस रूपात विरघळलेले राहते. पेल्यात घेतले तर पाणी नितळ, फार तर चवीला थोडे लोखंडी. तलावात क्लोरीनशी गाठ पडली की फेरस लोह एक इलेक्ट्रॉन गमावते आणि फेरिक होते. तलावाचा सामू, म्हणजेच पीएच, सहसा ७.२ ते ७.८ दरम्यान राखतात आणि त्या सामूला फेरिक लोह जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे तपकिरी हायड्रॉक्साइड बनते, ते काही काळ पाण्यात तरंगते आणि मग जिथे जागा मिळेल तिथे बसते. तलाव नव्याने भरून क्लोरीनचा पहिला जोरदार डोस दिल्यावर पाणी चहाच्या रंगाचे होते ते यामुळेच. खापर मात्र ब्लीचिंग पावडरीवर फुटते. पावडरीने फक्त आधीपासून असलेले लोह उघडे पाडलेले असते.

प्रमाण किती लागते? लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की कपड्यांवर आणि नळ-बेसिनांवर डाग पडू लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेची पेयजलविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. त्यात या प्रमाणात १४० ग्रॅम लोह असते आणि त्याचे हायड्रॉक्साइड झाले तर पाव किलोहून अधिक तपकिरी गाळ तयार होतो. शिवाय उन्हाने पाणी उडते, धातू उडत नाही. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी आटले तर या तलावात महिन्याला ५६ हजार लिटरची भर घालावी लागते. टँकरच्या त्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम लोह असेल तर दर महिन्याला आणखी ५६ ग्रॅम लोह आत येते.

मँगनीजची वागणूक अशीच, पण ते जास्त चिवट आहे. लिटरला ०.१ मिलिग्रॅमपासूनच ते डाग पाडते. डाग गडद तपकिरी ते काळा असतो, आणि हवेने मँगनीजचे ऑक्सिडीकरण इतके सावकाश होते की तो कुठून आला हे चटकन उमगत नाही.

तांब्याचा मुख्य स्रोत मोरचूद. शेवाळ मारायला स्वस्त आणि हमखास म्हणून तो सर्रास वापरला जातो. मोरचुदाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांबे असते. वर सांगितलेल्या तलावात दोन किलो मोरचूद टाकला की तांबे लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि तिथून डागांची शक्यता सुरू होते. दुसरा स्रोत म्हणजे पाणी तापवणाऱ्या यंत्रातली तांब्याची नळी. टीसीसीए या क्लोरीन सोडणाऱ्या रसायनाच्या गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या कप्प्यात, ठेवून रात्री पंप बंद केला की तिथले पाणी आम्ल होते. सकाळी पंप सुरू होताच ते थेट नळीत शिरते आणि तांबे खरवडून आणते. याच गोळ्यांतून साचणाऱ्या सायन्युरिक आम्लाशी तांब्याचा संयोग होऊन कधीकधी जांभळे स्फटिकही टाइल्सवर दिसतात. सोनेरी केस पोहून हिरवे होतात त्याचा दोष क्लोरीनला दिला जातो, पण तोही तांब्याचाच. केसांतल्या प्रथिनांना ते चिकटते. काळ्या केसांत ते दिसत नाही, इतकेच.

हिरवे पाणी दिसले की लगेच तांब्याला आरोपी ठरवणेही बरोबर नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्ट २०१६ रोजी मारिया लेंक केंद्रातला उड्यांचा तलाव एका दिवसात हिरवा झाला, आणि अनेकांनी तांब्याकडे बोट दाखवले. खरे कारण वेगळे निघाले. ५ ऑगस्टला पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते, त्याने क्लोरीन निष्प्रभ केला आणि शेवाळाला रान मोकळे मिळाले. पाठोपाठ हिरवट झालेल्या शेजारच्या तलावाचे सुमारे ३७ लाख लिटर पाणी शेवटी बदलावे लागले. ढोबळ खूण अशी, की हिरवे पण आरपार दिसणारे पाणी तांब्याचे आणि हिरवे-गढूळ पाणी शेवाळाचे.

डागांची परीक्षाही सोपी आहे. क जीवनसत्त्वाची गोळी डागावर अर्धा मिनिट घासून धरली आणि तिच्या आकाराचा पांढरा ठिपका उमटला, तर डाग लोहाचा. तांब्याचा डाग गोळीला सहसा दाद देत नाही, सल्फॅमिक आम्लाने मात्र फिका पडतो. क्लोरीनच्या दाण्यांनी उडाला तर तो धातूचा नव्हेच, कुजलेल्या पानांतल्या टॅनिनचा. भरण्याचे पाणी आधीच तपासायचे तर ते पांढऱ्या बादलीत घेऊन त्यात थोडे ब्लीच टाकावे. काही मिनिटांत रंग चढला, तर तलावातही हेच होणार.

गोळी जे ठिपक्यापुरते करते तेच सबंध तलावात करता येते. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, फेरिक लोहाला पुन्हा फेरस बनवते आणि डाग काही तासांत विरघळतो. साधारण ४० हजार लिटरला अर्धा किलो लागते. आधी क्लोरीन जवळजवळ शून्यावर आणावा लागतो, नाहीतर तो आम्लच खाऊन टाकतो. अर्थात त्या काळात तलाव पोहणाऱ्यांसाठी बंद हवा.

पण डाग गेला म्हणजे लोह गेले असे नाही. ते पाण्यात परतले, आणि क्लोरीन वाढला की पुन्हा बसणार. म्हणून एचईडीपीसारखे धातूला धरून ठेवणारे रसायन घालतात, सामू ७.२ च्या आसपास ठेवतात आणि क्लोरीन हळूहळू चढवतात. हे रसायनही कायमचे नव्हे. क्लोरीन आणि ऊन ते मोडतात, मागे फॉस्फेट उरते आणि ते शेवाळाचे खाद्य. शेवाळ आले की पुन्हा मोरचूद! महिन्याला बाटल्या विकणाऱ्यांच्या फायद्याचे हे चक्र तलावाच्या मालकाला परवडणारे नाही.

धातू खरोखर काढायचा तर त्याला घनरूप करून बाहेर ओढावे लागते. क्लोरीन आणि सामू मुद्दाम वाढवून लोह बाहेर पाडतात, तुरटी किंवा पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडने कणांचे पुंजके करतात, रात्रभर पंप बंद ठेवतात आणि सकाळी तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट गटारात सोडतात. नुसत्या वाळूच्या फिल्टरवर विसंबता येत नाही, कारण बारीक कण त्यातून निसटतात. निम्मे पाणी बदलणे हाही मार्ग आहे, पण नवे पाणी त्याच बोअरचे असेल तर पैसे आणि पाणी दोन्ही वाया.

सगळ्यांत स्वस्त उपाय तलावाबाहेरचा. भरण्याचे पाणी आधी टाकीत घेऊन हवेशी घुसळले, थोडा वेळ निवळू दिले आणि वाळूतून गाळले, तर बरेचसे लोह तिथेच अडते. मँगनीजला एवढे पुरत नाही. त्यासाठी क्लोरीन आणि मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेली वाळू लागते. तांब्यासाठी तर मोरचूद बंद करणे आणि क्लोरीनच्या गोळ्या स्किमरऐवजी स्वतंत्र फीडरमध्ये ठेवणे बहुतेकदा पुरते.

एका प्रकारच्या डागाला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. गंजाचा एकच ठिपका घासून काढल्यावर नेमक्या त्याच जागी परत येत असेल, तर आधी शिडीचा बोल्ट किंवा तळाशी पडलेली केसांची पिन शोधावी. तसे काही नसेल तर काँक्रीटमधली सळई गंजते आहे असे समजावे. तिथे रसायनवाला नव्हे, गवंडी लागतो. प्लास्टर फोडून गंजलेला भाग काढायचा, सळईला गंजरोधक लेप द्यायचा आणि जागा नव्याने भरायची.