ठासणीची बंदूक

गडचिरोलीच्या अरण्यातील एखाद्या चकमकीनंतर पंचनाम्यात नोंदल्या जाणाऱ्या मुद्देमालात आधुनिक रायफलींच्या शेजारी 'भरमार' हे नाव अनेकांनी वाचले असेल. परंतु त्या यादीतील सर्वांत वयोवृद्ध शस्त्र तेच, याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले असेल. ज्या बंदुकीला मराठी माणूस एरवी ठासणीची बंदूक म्हणतो, तीच ही भरमार; आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, त्याच्याही कितीतरी आधीपासून या मुलखाला तिची ओळख आहे.

आजच्या काडतुसात दारू, गोळी आणि ठिणगी ही तिन्ही कारखान्यातूनच एका पितळी कवचात बंद होऊन येतात. भरमारीत मात्र प्रत्येक बाराला माणसाने आपल्या हातांनी त्यांची गाठ घालून द्यावी लागते. बंदूक उभी धरून नळीच्या तोंडातून मोजकी काळी दारू ओतायची, तीवर बोळा घालून शिशाची गोळी किंवा छर्रे सोडायचे, हे सारे गजाने बेताने पण घट्ट ठासायचे, आणि सर्वांत शेवटी घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची, असा हा क्रम आहे. या विद्येतले जाणकार गजावर एक खूण कोरून ठेवतात. भरलेल्या नळीत गज त्या खुणेपर्यंत उतरला, तर सारे यथास्थित. खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली, तर गोळी तळाला टेकलेली नाही किंवा दारू दोनदा पडली आहे असे समजावे, कारण अशा चुकीत नळी फुटून उडवणाऱ्याचाच हात जायचा. दारू सर्दावल्यामुळे चाप ओढूनही बार उडाला नाही, तरी नळी लक्ष्यावरून न हलवता काही काळ तसेच थांबावे, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असण्याचा संभव असतो.

सरकारनेही या शस्त्राला कायद्यात वेगळी जागा दिली. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये, खरोखर पिकांच्या राखणीसाठी हव्या असलेल्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, हेही स्पष्ट झाले. आणि विनापरवाना भरमार तर जप्तीलाच पात्र.

एकीकडे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तोफगोळे भरले जात असताना, दुसरीकडे सातासमुद्रापार हाताने बार भरण्याच्या या कलेला क्रीडेचा सन्मान लाभला आहे. ठासणीच्या बंदुकांची आणि पिस्तुलांची नेमबाजी चालवणारी आंतरराष्ट्रीय संघटना 1971 मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धेत पिस्तूलधारी 25 मीटरांवरील लक्ष्यासमोर उभा राहतो, प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या कुप्यांत आणलेली असते, आणि 30 मिनिटांत 13 बार काढून त्यांतील सर्वोत्तम 10 गुणांसाठी धरले जातात. पहिल्या बाराची दारू दुसऱ्यापेक्षा किंचित अधिक पडली, किंवा ठासणीचा जोर बदलला, की गोळीचा वेध बदलतो. त्यामुळे नेम धरण्याआधीच, भरण्याच्या एकसारखेपणात निम्मी स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते.

आपल्या भाषेला हे मर्म ठाऊक आहे. गाजावाजा करून निष्फळ ठरलेल्या गोष्टीला आपण फुसका बार म्हणतो, आणि निःशंकपणे सांगायचे ते ठासून सांगतो. त्या परदेशी नेमबाजाला तेरांतील तीन बार सोडून देण्याची मुभा आहे. परंतु धानाच्या बांधीत मचाणावर रात्र काढणाऱ्या राखणदाराने नुसता आवाज करून रानडुकरे हुसकावायची म्हटली, तरी पहिला बार फुसका निघाल्यावर दुसरा भरून होईतो अर्धी बांधी तुडवून झालेली असते. म्हणून जे काही चुकायचे, ते गज हातात असतानाच सापडले पाहिजे.