नेमबाजीचे शास्त्र – लेखांक 7 : झिरो कोणत्या अंतरावर?

रायफलीतून सुटलेली गोळी नळीच्या रेषेपासून लगेच खाली घसरू लागते. नेमबाजाची नजर मात्र साइटमधून सरळ जाते. एक रेषा सरळ आणि दुसरी वाकलेली. या दोन रेषांची गाठ किती अंतरावर घालायची, हे ठरवणे म्हणजे झिरो अंतर निवडणे. साइट नळीच्या मध्यरेषेपासून दोन ते पाच सेंमी वर असते. त्यामुळे नळीचे तोंड नजरेच्या रेषेच्या मानाने किंचित वर उचललेले ठेवावे लागते. गोळी खालून येते, नजरेची रेषा जवळच कुठेतरी ओलांडते, काही अंतर तिच्या वरून जाते आणि उतरताना पुन्हा ती ओलांडते. 'रायफल 200 मीटरला झिरो आहे' असे म्हणतात, तेव्हा बहुधा हा दुसरा छेद अभिप्रेत असतो.

झिरो हा रायफलीचा गुणधर्म नाही, ही गोष्ट नवख्या नेमबाजांच्या लवकर पचनी पडत नाही. चाकणच्या कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करणाऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही: एका जॉबसाठी घेतलेला वर्क झिरो दुसऱ्या जॉबला चालत नाही, मशिन तेच असले तरी. रायफलीचेही तसेच आहे. लक्ष्य किती दूर आहे, किती मोठे आहे आणि गोळी किती वेगाने सुटते, या तीन गोष्टी ठरल्या की झिरो ठरतो.

स्पर्धेच्या नेमबाजीत पहिल्या दोन गोष्टी नियमपुस्तकच ठरवून देते. उदाहरण पुण्याचे: मुळा नदीच्या एका काठाला वाकड आणि दुसऱ्या काठाला बालेवाडी. तिथल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातील शूटिंग रेंजवर रायफलीची दोनच अंतरे महत्त्वाची, 10 मीटर आणि 50 मीटर. 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील नेमबाजी याच रेंजवर झाली. पिंपरी-चिंचवडमधील मुलामुलींच्या दृष्टीने ही सर्वांत जवळची मोठी रेंज आहे. दहा मीटरवर 4.5 मिमीची एअर रायफल चालते आणि तिच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पन्नास मीटरवर पॉइंट टू-टू रायफल चालते आणि दहाचे वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचे असते. अंतर ठरलेले असल्याने झिरोही तिथेच.

तरीही हा प्रश्न तिथेच मिटत नाही. पॉइंट टू-टूची मॅच गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडी संथ ठेवलेली असते, सेकंदाला सुमारे 325 मीटर. ध्वनीची सीमा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी अस्थिर होते, तो धोका त्यामुळे टळतो. या वेगाने 50 मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ 12 सेंमी खाली आलेली असते. वेगात सेकंदाला 5 मीटरचा फरक पडला, तरी ती लक्ष्यावर सुमारे 4 मिमी वर किंवा खाली लागेल. दहाच्या वर्तुळात आणखी एक लहान 'आतल्या दहाचे' वर्तुळ असते आणि त्याची त्रिज्या 2.5 मिमी आहे, हे लक्षात घेतले की चांगले नेमबाज गोळ्यांचा प्रत्येक लॉट आपल्याच रायफलीतून तपासून का घेतात, ते कळते.

शिवाय शरीराची ठेवण बदलली की झिरो सरकतो. 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात तोच नेमबाज तीच रायफल गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून चालवतो. गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो, धक्का खांद्यावर वेगळ्या दिशेने येतो आणि गोळीची जागा काही मिलिमीटरने बदलते. म्हणून प्रत्येक पोझिशनसाठी साइटचे वेगळे क्लिक, म्हणजे साइट सरकवण्याचे टप्पे, वहीत लिहिलेले असतात आणि पोझिशन बदलल्यावर आधी सायटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्या, झाडल्या जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. एकाच अंतिम फेरीत तिन्ही पोझिशनचे झिरो सांभाळण्याची ती परीक्षा होती. पालथे पडूनच खेळायच्या प्रोन प्रकारात एकच झिरो पुरतो, पण तिथे चुकीला जागाही उरत नाही: कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद जिंकले ते 600 पैकी 597 गुणांनी.

अंतर चुकीचे धरले तर किती फरक पडतो, याचा हिशोब सोपा आहे. एनसीसीचे छात्र पॉइंट टू-टू रायफल 25 मीटरवर चालवतात. साइट नळीपासून 2 सेंमी वर आहे असे धरून अशी रायफल 25 मीटरला अचूक झिरो केली आणि तशीच 50 मीटरच्या लक्ष्यावर रोखली, तर गोळी मध्यापासून सुमारे 4 सेंमी खाली लागेल. दहाच्या ठिकाणी पाच-सहा गुण. नेम निर्दोष आणि हात स्थिर, दोष फक्त झिरोचा.

ज्या प्रश्नातून झिरो अंतराची सारी चर्चा वाढली, तो शिकारीचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे लक्ष्य किती दूर असेल ते आधी कोणीच सांगू शकत नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली हरणांची शिकार बंद आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे अभयारण्य आहे. तिथले सांबर आणि भेकर आज कॅमेऱ्यानेच टिपायचे. स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांत मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी परवान्याने शिकार चालते आणि तिथल्या शिकाऱ्यांनी या प्रश्नाची दोन उत्तरे काढली आहेत.

अमेरिकी उत्तर असे: हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण 15 ते 20 सेंमी व्यासाचा असतो. गोळी नजरेच्या रेषेपासून 7-8 सेंमी वर वा खाली गेली तरी चालते. तेव्हा झिरो असा ठेवावा, की गोळी या पट्ट्यातून जास्तीत जास्त अंतरापर्यंत बाहेर पडणार नाही. उदाहरणादाखल पॉइंट थर्टी-ओ-सिक्स हे तिकडचे सर्रास वापरातले काडतूस घेऊ. सेकंदाला सुमारे 885 मीटर वेगाची त्याची गोळी 200 मीटरला झिरो केली, तर 100 मीटरवर ती 5-6 सेंमी वर असते आणि साधारण 240 मीटरपर्यंत त्या पट्ट्यात राहते. 300 मीटरवर मात्र ती सुमारे 25 सेंमी खाली उतरलेली असते. तीच रायफल 100 मीटरला झिरो केली, तर 200 मीटरवरच गोळी 11-12 सेंमी खाली लागते. मोकळ्या माळावर पहिला पर्याय उघडच सोयीचा.

जर्मन शिकारी अधिक सावध. गोळीने वाटेत कुठेही नजरेच्या रेषेच्या वर 4 सेंमीपेक्षा जास्त चढू नये, अशी अट घालून ते झिरो अंतर काढतात. युरोपातले रो जातीचे हरीण लहान असते, त्यामुळे चुकीची मुभाही कमी. ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, कारण शिकाऱ्याचा हात, श्वास आणि वारा यांची चूक त्या 7-8 सेंमीच्या पट्ट्यात आधीच येऊन बसलेली असते. सगळी मुभा गोळीच्या वाटेलाच देऊन टाकली, तर माणसाच्या चुकीसाठी काही उरत नाही आणि जनावर जखमी होऊन झाडीत निघून जाते.

दूरचा झिरो म्हणजे चांगला झिरो, ही समजूत सह्याद्रीच्या जंगलात तर मुळीच टिकली नसती. कारवीच्या दाटीत पुढचे जनावर शंभर मीटरच्या आतच दिसणार. त्यात जड आणि संथ गोळीची जुनी रायफल असेल, तर दूरच्या झिरोचा तोटा आणखी वाढतो: सेकंदाला 600 मीटरच्या आसपास सुटणारी गोळी 100 मीटरला झिरो केल्यावर 200 मीटरवर फूटभराहून अधिक खाली येते. तिला 200 मीटरला झिरो केले, तर 100 मीटरवर ती वीतभर वर लागेल. अशा रायफलीला 100 मीटरचा झिरो आणि त्यापुढे बार न टाकण्याचा संयम, एवढेच योग्य. पीकरक्षणासाठी परवाना मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला तर या चर्चेत स्थानच नाही. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिचा पल्ला तोकडा.

सैन्याने तिसरा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धातल्या पॉइंट थ्री-ओ-थ्री नंबर 4 रायफलीच्या एका साध्या प्रकारच्या मागच्या साइटला दोनच छिद्रे होती, 300 यार्ड आणि 600 यार्डसाठी. घाईत याहून अधिक पर्याय सैनिकाला नकोच असतात. अमेरिकी सैन्य 300 मीटरचा झिरो 25 मीटरच्या छोट्या रेंजवर बांधते, कारण गोळीचा पहिला छेद तिथे पडतो. सोय मोठी, पण चूकही तितकीच मोठी होते: 25 मीटरवर राहिलेला 5 मिमीचा फरक 300 मीटरवर 6 सेंमी होतो. म्हणून जवळच्या रेंजवर बांधलेला झिरो शक्य तेव्हा खऱ्या अंतरावर तपासून घ्यावा लागतो.

अंतर ठरले की बाकीचे काम सावकाशीचे. अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजायचे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तीन ते पाच गोळ्यांचा ग्रुप काढायचा आणि साइट हलवायची ती ग्रुपच्या मध्यावरून. एकट्या गोळीवरून कधीच नाही. सर्रास मिळणाऱ्या दुर्बिणीच्या एका क्लिकने गोळी 100 मीटरवर सुमारे 7 मिमी सरकते, म्हणजे 50 मीटरवर त्याच्या निम्मे. हा हिशोब विसरल्यामुळे फुकट जाणाऱ्या गोळ्या थोड्या नाहीत. ग्रुपच विखुरलेला असेल, तर तो दोष झिरोने सुधारत नाही. तिथे गोळी, स्क्रू किंवा नेमबाजाचे बोट तपासावे लागते.

घाटाच्या उतारावर वर किंवा खाली नेम धरताना गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते, कारण गोळीची घसरण मुख्यतः आडव्या अंतरावर ठरते. झिरो मात्र सपाट जागेवरच बांधायचा. दुर्बीण काढून पुन्हा बसवली, गोळ्यांचा लॉट बदलला, रायफल पडली किंवा जानेवारीत बांधलेला झिरो घेऊन एप्रिलच्या उन्हात स्पर्धेला उतरायचे असेल, तर तो पुन्हा तपासावा लागतो.