गाविलगडचे गंडभेरुंड : कल्पित प्राण्यांचा समास

अमरावती, नांदगाव पेठ ह्या भागांतील वाचकांस चिखलदऱ्याजवळचा गाविलगड अपरिचित नाही. त्याच्या शार्दूल दरवाजावरील शिल्पांत मात्र परिचित प्राणी अपरिचित होऊन बसले आहेत. दोन मस्तकांचा एक पक्षी चोचींत व नखांत हत्ती पकडून आहे. सिंहासारख्या पशूंनीही हत्तींना नमविले आहे. आणि ह्या सर्व अद्भुतात खजुराचे एक झाड उभे आहे.

अशा रचनेस आज कोणी ‘अतिवास्तव’ म्हणेल. पण १९२४ साली पॅरिसमध्ये ज्या अतिवास्तववादाची घोषणा झाली, त्यास स्वप्नातील निरंकुश जोडणी अभिप्रेत होती. गाविलगडच्या पाथरवटाची जोडणी निरंकुश नाही. तिला नियम आहेत. चोच, नखे, सोंड, आयाळ हे सारे अवयव सृष्टीतले. नवे आहे ते त्यांचे नाते आणि प्रमाण. उंदराला घारीने उचलावे तसा येथे हत्ती उचललेला आहे. पदे ओळखीची, समास नवा, असेच ह्याचे वर्णन करावे लागेल.

नावांचीही तीच तऱ्हा आहे. कन्नड बिरुदांत ‘गंड’ म्हणजे वीर, स्वामी. संस्कृतात ‘भेरुंड’ म्हणजे भयंकर, आणि एक पक्षीही. ‘शरभ’ हा वैदिक वाङ्मयात एक वन्य पशू आहे. पुढे त्यास आठ पाय फुटले आणि तो सिंहालाही मारू लागला. ‘शार्दूल’ म्हणजे मूळचा वाघ. शिल्पज्ञांच्या बोलीत तोही कल्पित झाला. म्हणजे शिल्पाने प्राणी घडविले तसे भाषेनेही घडविले, आणि कोणी कोणाचे अनुकरण केले हे दर वेळी सांगता येतेच असे नाही.

ह्या पक्ष्याचा अर्थ लावताना एक घाई नेहमी होते. किल्ला १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीने बांधला. १४८८ मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने त्याची दुरुस्ती केली. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरचा, असे फिरिश्ता सांगतो. म्हणून गंडभेरुंड हे त्याच्या जन्मभूमीचे राजचिन्ह, असे अनुमान केले जाते. ते मोहक आहे, पण पुरेसे नाही. हत्ती धरलेला गंडभेरुंड विजयनगरच्या ज्या नाण्यांमुळे प्रसिद्ध झाला, ती अच्युतरायाची, म्हणजे १५२९ नंतरची. उलट बळ्ळिगावे येथील स्तंभावर मानवी देहाचा भेरुंड १०४७ सालीच आढळतो. तेव्हा हे रूप एका घराण्याच्या मालकीचे नव्हते. दख्खनच्या कारागिरांच्या हाती ते शतकानुशतके फिरत होते. स्वामी बदलला, धर्म बदलला, तरी ‘बलिष्ठांहून बलिष्ठ’ हा त्याचा अर्थ दरवाजावर येणाऱ्यास वाचता येत असे.

राहता राहिला खजूर. मेळघाटाच्या पायथ्याशी शिंदीची झाडे पाहणाऱ्यास तो लगेच ओळखू येतो. त्याला कोणी दुसरे मस्तक दिलेले नाही.