शंभर फोटोंतली देवयानी

दिवाळीनंतर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला शर्मिष्ठेचा ‘एम्’ शोधा. त्याच्या वरच्या बाजूला देवयानी दीर्घिका आहे, पूर्ण चंद्राच्या सहापट लांब! पण आपल्या कळमन्यात दिव्यांच्या उजेडात ती हरवते. म्हणून आईबाबांबरोबर शहराबाहेर अंधारात जा.

तिपाईवर कॅमेरा ठेवा आणि पाच-पाच सेकंदांचे १०० फोटो काढा. जास्त वेळ घेतलात, तर पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतील. शेवटी लेन्सवर झाकण लावून आणखी २० फोटो! हसू नका. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग सापडतात, ते वजा करायचे.

एका फोटोत नुसते दाणे-दाणे दिसतात. संगणकावर तारे जुळवून सगळ्या फोटोंची सरासरी काढा. दाणे दर वेळी जागा बदलतात, दीर्घिका नाही. १६ फोटोंत दाणे पावपट होतात, १०० फोटोंत दहावा हिस्सा. देवयानी हळूच वर येते.

‘‘मग हा फोटो खोटाच की, सर!’’ वर्गातली एक मुलगी म्हणाली. नाही गं, जे आलं तेच आपण गोळा केलं. रंग वाढवला असेल, तर फोटोखाली तसं लिहायचं. २५ लाख वर्षं चालून आलेल्या उजेडात आपल्या पदरची भर कशाला?