जुन्या लॅपटॉपमधील विस्तार कार्डे : रचना, वेग आणि निवड

पाठाचा हेतू

डेस्कटॉप संगणकाचे झाकण उघडून मदरबोर्डवर नवे कार्ड बसवता येते. लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसते. म्हणून साधारण १९९० ते २०१० या काळातील अनेक लॅपटॉपच्या कडेला बाहेरून कार्ड सरकवण्यासाठी एक चपटा स्लॉट दिलेला असे. असा लॅपटॉप तुमच्याकडे असेल, तर योग्य कार्डामुळे तो आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. चुकीचे कार्ड घेतले तर पैसे वाया जातात. या पाठानंतर तुम्हाला स्लॉट ओळखता येईल, कार्डाच्या वेगाची मर्यादा काढता येईल आणि खरेदीचा निर्णय घेता येईल.

१. कार्डांच्या तीन पिढ्या

(अ) पीसी कार्ड : १९८९ मध्ये स्थापन झालेल्या पीसीएमसीआयए या उद्योगसंघटनेने १९९० मध्ये हे मानक प्रसिद्ध केले. सुरुवातीला ते मेमरी कार्डांसाठी होते; नंतर मोडेम आणि नेटवर्क कार्डेही आली. कार्डाची लांबी ८५.६ मिमी आणि रुंदी ५४ मिमी, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाएवढी असते. जाडीनुसार ३.३, ५ आणि १०.५ मिमी असे तीन प्रकार आहेत. जोडणी ६८ पिनांची आणि डेटाचा मार्ग १६ बिटांचा असतो.

(आ) कार्डबस : १९९५ मध्ये आलेले हे कार्ड आकाराने तसेच असते, पण आतून पीसीआय बसप्रमाणे चालते. मार्ग ३२ बिटांचा, घड्याळ ३३ मेगाहर्ट्झचे. जोडणीच्या कडेला उंचवटे असलेली सोनेरी धातूची पट्टी ही त्याची खूण. कार्डबस स्लॉटमध्ये १६ बिटांचे कार्ड चालते. उलट मात्र चालत नाही. कार्डबस ३.३ व्होल्टवर चालते, म्हणून ते जुन्या ५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये शिरू नये अशी त्याच्या कडेची रचना असते. कार्ड आत जात नसेल तर जोर लावू नका.

(इ) एक्सप्रेसकार्ड : २००३ मध्ये आलेल्या या कार्डाला २६ संपर्कबिंदू असतात. ते पीसीआय एक्सप्रेसची एक लेन किंवा यूएसबी २.० वापरते. रुंदी ३४ किंवा ५४ मिमी. ३४ मिमीचे कार्ड दोन्ही स्लॉटमध्ये चालते, ५४ मिमीचे फक्त रुंद स्लॉटमध्ये. आधीच्या दोन्ही पिढ्यांशी त्याची जोडणी जुळत नाही.

ओळखण्याची सोपी रीत : लॅपटॉप बंद करून स्लॉटमध्ये उजेड टाका. आत बारीक पिनांच्या दोन लांब ओळी दिसल्या तर तो पीसी कार्ड किंवा कार्डबसचा स्लॉट. या दोहोंतील फरक डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतो : तेथे ‘कार्डबस कंट्रोलर’ अशी नोंद दिसते का ते पाहा.

२. वेग कशावर ठरतो?

कार्डावर छापलेला वेग हा त्या उपकरणाचा कमाल वेग असतो. प्रत्यक्ष वेग मात्र साखळीतील सर्वांत मंद कडीवर ठरतो.

कार्डबसची मर्यादा : ३२ बिट म्हणजे ४ बाइट; ४ × ३३ = सुमारे १३२ मेगाबाइट प्रति सेकंद.
एक्सप्रेसकार्डची मर्यादा (पीसीआय एक्सप्रेसची पहिली पिढी) : २५० मेगाबाइट प्रति सेकंद.

उदाहरण : तुमच्या लॅपटॉपला फक्त यूएसबी १.१ आहे आणि ४,००० मेगाबाइटची फाइल पेनड्राइव्हवरून घ्यायची आहे. यूएसबी १.१ चा कमाल वेग १.५ मेगाबाइट प्रति सेकंद, म्हणून निदान ४४ मिनिटे लागतील. कार्डबसमध्ये यूएसबी २.० चे कार्ड घातले तर कमाल वेग ६० मेगाबाइट होतो आणि हिशेबाने ६७ सेकंद पुरतात. प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो, तरी फरक मोठाच राहतो.

आता यूएसबी ३.० पाहा. त्याची क्षमता ५०० मेगाबाइट प्रति सेकंद आहे, पण वरील एक्सप्रेसकार्डमधून २५० च्या पुढे जाता येत नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क त्याहून मंद असेल, तर मर्यादा तिचीच.

३. चालू संगणकात कार्ड कसे घालता येते?

पीसी कार्डाच्या जोडणीतील पिना तीन लांबींच्या असतात. वीजपुरवठ्याच्या पिना सर्वांत लांब, म्हणून वीज आधी जोडली जाते. मग संदेशाच्या पिना. ‘कार्ड आले’ हे कळवणाऱ्या पिना सर्वांत आखूड असतात. त्यानंतर संगणक कार्डातील माहिती वाचून योग्य ड्रायव्हर शोधतो. काढताना क्रम उलटा होतो. तरीही आधी सॉफ्टवेअरमधून कार्ड बंद करावे, कारण काही डेटा लिहायचा राहिलेला असू शकतो.

४. खरेदीपूर्वी तपासा

• ड्रायव्हर : तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो मिळतो का? ड्रायव्हर सुरू झाल्यावरच कार्ड चालत असल्याने त्यावरील पेनड्राइव्हवरून संगणक बहुधा सुरू होत नाही.
• वीज : एक्सप्रेसकार्ड स्लॉट ३.३ आणि १.५ व्होल्ट देतो, यूएसबीला ५ व्होल्ट लागतात. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची असेल तर वेगळ्या वीजपुरवठ्याची सोय असलेले कार्ड घ्या.
• सुरक्षितता : जुनी वाय-फाय कार्डे अनेकदा डब्ल्यूपीए२ पद्धत जाणत नाहीत. अशा कार्डासाठी राउटरची सुरक्षा कमी करू नका.
• पर्याय : लॅपटॉपला यूएसबी २.० आधीच असेल, तर वाय-फायसाठी साधा यूएसबी अ‍ॅडॉप्टर पुरतो. कार्ड तेव्हाच घ्या, जेव्हा त्याची बस लॅपटॉपच्या उपलब्ध पोर्टपेक्षा खरोखर वेगवान असेल.

स्वाध्याय

१. कार्डबस स्लॉटमध्ये गिगाबिट नेटवर्क कार्ड (१२५ मेगाबाइट प्रति सेकंद) आहे. त्याच पीसीआय बसवर दुसरे उपकरण ४० मेगाबाइट वेगाने काम करत असेल, तर नेटवर्कला जास्तीत जास्त किती वेग मिळेल?
२. ‘कार्ड आले’ कळवणाऱ्या पिना सर्वांत लांब असत्या तर काय बिघडले असते?