जोडव्यांचा वळ

बाबा गेले त्या दिवशी आईच्या पायातली जोडवी आत्यानं काढली. बोटात रुतलेली, साबण लावून फिरवत काढावी लागली. आत्या स्वतः विधवा. हुंदके देत होती, पण हात थांबत नव्हता. जोडव्यांचा पांढरा वळ मात्र कितीतरी महिने आईच्या बोटावर राहिला.

आईवर जुलूम कुणी केला? आमच्या घरात दुष्ट कुणीच नव्हतं.

अमेरिकी तत्त्वज्ञ मेरिलिन फ्राय यांच्या 1983 सालच्या पुस्तकात मला वाट सापडली. पिंजऱ्याचा एकच गज निरखत बसलं, तर पाखरू त्याला वळसा घालून उडत का नाही, असं वाटतं. चार पावलं मागं सरलं की सगळे गज एकदम दिसतात. कुंकू नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, भाचीची ओटी भरायला पुढं व्हायचं नाही, शेताच्या व्यवहारात दिरांचाच शब्द. एकेक गज किरकोळ, मिळून पिंजरा.

फ्राय आणखी बजावतात : प्रत्येक दुःख म्हणजे जुलूम नव्हे. माझे काका विधुर झाले, तेही कोसळले होते. पण त्यांच्या अंगावरचं काही उतरवलं नाही, आणि वर्षाच्या आत स्थळं आली. आईचं जे गेलं ते ती बाई होती म्हणून गेलं. हीच तुलना ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये रोखठोक मांडली होती.

राजकीय तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी 1990 साली जुलमाची पाच रूपं सांगितली : शोषण, परिघाबाहेर लोटणं, सत्ताहीनता, सांस्कृतिक वर्चस्व आणि हिंसा. त्यातलं एक असलं तरी पुरे. म्हणजे कुणी हात उचलला नाही, एवढ्यावरून जुलूम नव्हता असं ठरत नाही.

म्हणून मला हेरवाडचं मोल वाटतं. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आत्यानं एकटीनं हात आवरला असता, तर भावकीनं तिलाच बोल लावला असता. सगळ्यांनी मिळून घातलेले गज सगळ्यांनी मिळूनच काढावे लागतात.

पुढच्या संक्रांतीला मी आईपुढं कुंकवाचा करंडा धरला. तिनं आधी दाराकडं पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. मग कपाळ पुढं केलं.